जपानी सेलिब्रिटी गेम शो बघायचाय? आधी तोसोचू लावू की काकुझुके?

जपानी गेम शो म्हटलं की आपल्याकडे निम्म्या लोकांना एकच आठवतं, पोगोवरचं ताकेशीज कॅसल, जावेद जाफरीची हिंदी कॉमेंट्री आणि चिखलात धपाधप पडणारी माणसं. माझंही बालपण त्यातच गेलं आणि अजून ते लागलं की मी थांबून बघते. पण तो शो मूळचा 1986 ते 1990 मधला आणि त्यात पळणारे लोक साधे, तुमच्याआमच्यासारखे होते. जपानी टीव्हीवर त्याहून मोठा पसारा आहे तो सेलिब्रिटींना खेळायला लावणाऱ्या शोजचा. गेइनोजिन म्हणतात त्यांना तिकडे, म्हणजे नट, गायक, कॉमेडियन, आयडॉल (तिकडचे तरुण पॉप कलाकार), रिटायर झालेले खेळाडू, सगळे एकाच टोपलीत. पुण्यात आमच्या जपानीच्या क्लासला दर बॅचला कोणीतरी विचारतंच की यातलं आधी काय बघू, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

तोसोचू. नावाचा अर्थच "पळ काढणं चालू आहे" असा काहीसा. फुजी टीव्हीवर 2004 पासून येतोय, बाहेरच्या देशात रन फॉर मनी म्हणून ओळखतात, 2023 मध्ये त्यावरून अ‍ॅनिमेसुद्धा आलं. खेळ एकदम सोपा, आपला पकडापकडीच. थीम पार्क, मॉल नाहीतर जुन्या एदो काळातल्या गावासारखा सेट, त्यात सेलिब्रिटी सोडायचे आणि त्यांच्या मागे काळा सूट, काळा गॉगल घातलेले हंटर. हे हंटर एक शब्द बोलत नाहीत, चेहऱ्यावर रेष हलत नाही, दिसलं कोणी की सुटतात, आणि पळतात असे की नजरेला पडलात तर बहुतेक वेळा विषय संपला.

पैसे सेकंदावर वाढतात. समजा सेकंदाला 200 येन दर आहे आणि खेळ 60 मिनिटांचा आहे, तर शेवटपर्यंत टिकणाऱ्याला 7 लाख 20 हजार येन. पकडले गेलात तर शून्य. पण मधेच ठरलेल्या ठिकाणच्या फोनवरून "मी शरण येतो" असं कळवलं तर तोपर्यंत जमलेले पैसे घेऊन बाहेर पडता येतं, आणि माझ्या मते सगळा शो या एका नियमावर उभा आहे. एखादा नट रिसीव्हर हातात घेऊन उभा असतो, मागे वळून वळून बघतोय, घाम पुसतोय, स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा वाढतोय, आणि तुम्हाला दिसत असतं की पलीकडच्या गल्लीत हंटर आहे आणि त्याला ते माहीत नाहीये. माझा नऊ वर्षांचा भाचा अशा वेळी सोफ्यावर उभा राहून "ठेव, ठेव फोन!" असं ओरडतो, त्याला जपानीचं एक अक्षर येत नाही. शरण जाणाऱ्यांवर जपानातही प्रेक्षक चिडतात. त्यातून मधेमधे मोबाईलवर मिशन येतात, वेळेत पूर्ण नाही केलं तर आणखी हंटर सोडतात, मग कोण धोका पत्करून जातं आणि कोण झुडपामागे लपून "दुसरं कोणीतरी करेल" म्हणतं ते सगळ्यांसमोर उघडं पडतं.

काकुझुके एकदम दुसऱ्या टोकाचं. पूर्ण नाव गेइनोजिन काकुझुके चेक, म्हणजे सेलिब्रिटींची प्रतवारी. 1999 च्या सुमारास दुसऱ्या एका कार्यक्रमातला तुकडा म्हणून सुरू झालं, आता नव्या वर्षाच्या स्पेशलला घरोघरी लागतं, आणि डाउनटाउन या विनोदी जोडीतला हामादा सूत्रसंचालन करतो. इथे पळापळ नाही, दोन गोष्टी समोर ठेवतात आणि त्यातली भारी, महागाची कुठली ते ओळखायचं. 10 लाख येनची वाइन की 5 हजारांची? स्ट्रॅडिव्हेरियस या अतिमहागड्या जुन्या व्हायोलिनवर वाजवलेला तुकडा कुठला आणि शिकाऊ वाद्यावरचा कुठला? उत्तर दिलं की A किंवा B खोलीत जाऊन बसायचं, आणि खोलीत कोण कोण आधीच बसलंय ते बघून जो तो एकतर खूश होतो नाहीतर पार गळपटतो.

सगळे सुरुवातीला "पहिल्या दर्जाचे सेलिब्रिटी" असतात. एक चूक झाली की साधा, मग दुसऱ्या दर्जाचा, तिसऱ्या दर्जाचा, त्याखाली "हुबेहूब दिसणारा कोणीतरी", आणि सगळ्यात तळाला "दाखवायच्या लायकीचा नाही", तिथे पोचला की माणूस स्क्रीनवरून चक्क गायब करतात, फक्त आवाज ऐकू येतो. आणि खालची बारीक गंमत बघा, दर्जा घसरला की पायातल्या सपाता बदलतात, खुर्ची बदलते. मोठमोठे नट मुकाट्याने येऊन त्या हलक्या खुर्चीत बसतात आणि कोणीही चिडून निघून जात नाही, मला याचं फार कौतुक वाटतं. गाक्त नावाचा गायक तर यातला राजाच, सलग बरोबर उत्तरांची त्याची मालिका 70 च्या पुढे गेलीये. खेळतात जोडीने, म्हणून जोडीदार चुकला की जोडीचा दर्जा घसरतो पण त्याची स्वतःची मालिका चालूच, त्यामुळे दरवर्षी त्याच्या जोडीदाराचा जीव टांगणीला लागलेला असतो.

हे बघताना आपणही खेळतो. माझी आई चाळीस वर्षं रेडिओवर शास्त्रीय संगीत ऐकतेय, तिने व्हायोलिनच्या वेळी डोळे मिटले आणि लगेच म्हणाली, "दुसरं. पहिल्याला गोडवा नाही." बरोबर निघालं.

आता भाषेचं बघू, कारण खरी अडचण तिथेच येते. जपानी शोमध्ये बोललेलं बरंचसं वाक्य रंगीत मोठ्या अक्षरात स्क्रीनवर उमटतं, त्याला टेलॉप म्हणतात, तुम्ही जपानी शिकत असाल तर हे सोनं आहे, थांबवून थांबवून वाचता येतं. काकुझुकेत बोलणं जास्त असल्यामुळे टेलॉप वाचता येणाऱ्याला त्यात दुप्पट मजा, पण सबटायटल नसताना कोरं बसलात तर वाइन आणि वाद्यांचा भाग सोडून बाकी डोक्यावरून जाईल. तोसोचूला भाषा जवळजवळ लागतच नाही, पळणारा माणूस आणि मागे हंटर, बास. फक्त त्यात मधेमधे नाटकासारखी गोष्ट घुसवलेली असते ती मला लांबलेली वाटते, तेवढी पुढे ढकलली तरी चालेल.

तिसरं नाव हमखास येतं ते डॉक्युमेंटल, प्राइम व्हिडिओवर 2016 पासून, कॉमेडियन हितोशी मात्सुमोतोचं. दहा कॉमेडियन प्रत्येकी 10 लाख येन घेऊन येतात, सहा तास एका खोलीत बंद, हसला तो बाहेर. आपल्याकडे 2021 मध्ये आलेलं हसे तो फसे, अर्शद वारसी आणि बोमन इराणीवालं, याच्यावरूनच. पण मूळ जपानी फार आचरट आहे, कपडे उतरवण्यापर्यंत जातं, त्यामुळे आईबाबांसमोर किंवा मुलांसमोर अजिबात लावू नका, एकट्याने बघायचं तर बघा.

तर घरात मुलं असतील किंवा जपानी येत नसेल तर डोळे मिटून तोसोचू. जपानी शिकताय, खाण्यापिण्याची, गाण्याची आवड आहे, घरी मोठी माणसं बरोबर बसणार आहेत, तर काकुझुके. मला स्वतःला कोणी एकच निवड म्हटलं तर मी तोसोचू निवडेन, कारण काकुझुकेत माणसाचा कान आणि जीभ कळते, पण त्या फोनपाशी उभा असलेला माणूस कसा आहे ते दहा सेकंदांत कळतं. आणि लावाल तेव्हा सुरुवातीचा नकाशा स्किप करू नका, खेळाची हद्द कुठवर आहे आणि लपायला जागा कुठे आहेत ते तिथेच दाखवतात, नंतर पळापळ सुरू झाली की ते लागतं.