बेथलेहेममधलं जैतुनाच्या लाकडाचं दुकान

येशूजन्माच्या चर्चपासून पाच मिनिटांवर, उतारावरच्या गल्लीत हे दुकान आहे. मालक पॅलेस्टिनी ख्रिस्ती. दोघं मुलगे मागच्या खोलीत कोरीव काम करतात. मी गव्हाणीचा देखावा घेतला. मरिया, योसेफ, बाळ येशू, तीन मागी (बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी), आणि मध्येच एक उंच लाकडी भिंत! बेथलेहेम ज्यात येतं त्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागात इस्रायलने २००२ पासून बांधायला घेतलेली, काही ठिकाणी ८ मीटर उंच असलेली काँक्रीटची भिंत, तीच ही. मागी पलीकडेच अडकलेले. मला क्षणभर बोलवेना.

लाकूड जड, गुळगुळीत, त्यातल्या रेषा मधाच्या रंगाच्या. एका उंटाचा पाय हलत होता, तो उंट लगेच बदलून दिला.

"यरुशलेम दहा किलोमीटरवर, पण ईस्टरला जायचं तर परवाना लागतो," मालक म्हणाले. आपण नाताळात बेथलेहेमची गाणी गातो आणि तिथल्या भावंडांना विसरतो, हे मनाला फार लागलं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या इस्रायलींसाठी मालकांच्या घरात प्रार्थना होते, गाझातल्या लेकरांसाठीही.

देखाव्यातली भिंत काढून ठेवता येते, मुद्दामच तशी केली आहे. जाल तेव्हा घासाघीस करू नका.