रिंगवर ‘आयआर एनडी’, आत साधी काच : व्हिडिओवाल्यांनो, तपासून घ्या

दापोलीपासून मालवणपर्यंत किनाऱ्यावर लग्नं आणि प्री-वेडिंग शूट करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. एनडी म्हणजे लेन्ससमोर लावायचा, प्रकाश कमी करणारा फिल्टर; आयआर एनडी त्यासोबत न दिसणारा इन्फ्रारेड (आयआर) प्रकाशही अडवतो. मला आयआर एनडी म्हणून साधा एनडी विकला गेला. किंमत साध्याच्या तिप्पट, काचेभोवतीच्या रिंगवर झोकात छापलेलं ‘आयआर एनडी 1.8’.

गुहागरच्या वाळूत भर उन्हात एफ 2.8 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडं ठेवून, शूट करायचं तर 1.8 चा एनडी लागतोच. घरी येऊन फुटेज पाहिलं तर नवरदेवाचा काळा कोट चक्क कोकमाच्या आगळासारखा लालसर! शेजारच्या मामांची नायलॉनची काळी छत्री तपकिरी. आणि वधूच्या भावाचा सुती काळा कुर्ता मात्र काळाच.

विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, “दादा, व्हाइट बॅलन्स चुकला असणार तुमचा.” ही शुद्ध थाप आहे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणूनचं कॅमेऱ्याचं सेटिंग, चुकला तर अख्खी फ्रेम एका रंगाकडे झुकते. इथे चेहऱ्यांचा रंग, वाळू, आकाश ठीक आणि तीन काळ्यांचे तीन रंग. हे ग्रेडिंगमध्येही (नंतर रंग सुधारतानाही) धड सुटत नाही. एक काळा सावरला की दुसरा हिरवट होतो.

खरं कारण असं. आपल्याला साधारण 700 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश दिसतो, त्यापुढचा इन्फ्रारेड दिसत नाही; सेन्सरचं सिलिकॉन मात्र 1100 च्या आसपासपर्यंत टिपतं. कॅमेऱ्यात आयआर अडवणारी काच असते, पण काही मॉडेलमध्ये ती तोकडी पडते. 1.8 म्हणजे सहा स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), दिसणारा प्रकाश 64 पट कमी. साधा एनडी इन्फ्रारेड मात्र बराचसा तसाच सोडतो, त्यामुळे चित्रात त्याचा वाटा वाढतो. बरेच कृत्रिम धागे आणि रंग इन्फ्रारेड परावर्तित करतात, म्हणून ते काळे कपडे लाल दिसतात.

पैसे देण्याआधी टीव्हीचा रिमोट घेऊन जा, त्याचा प्रकाश इन्फ्रारेड असतो. एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवून लेन्ससमोर त्याचं बटण दाबा, एलईडीचा ठिपका दिसेल. आता फिल्टर लावा. ठिपका जवळपास तेवढाच राहिला तर ती काच आयआर अडवत नाही. पण एवढ्यावर थांबू नका. रिमोटचा प्रकाश बहुधा 940 नॅनोमीटरचा असतो, आणि काही फिल्टर तो अडवूनही 700 च्या आसपासचा गडद लाल सोडतात. म्हणून पॉलिएस्टरचं काळं कापड उन्हात धरून फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय क्लिप घ्या.

साधे एनडी आधीच असतील तर सोबत हॉट मिरर (इन्फ्रारेड अडवणारा वेगळा फिल्टर) लावता येतो. फक्त वाइड लेन्सवर कडांना रंग बदलतो, तेही दुकानातच बघा.

माझा नंबर त्या माणसाने ब्लॉक केलाय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. बिलावर त्याने नुसतं ‘लेन्स फिल्टर’ लिहिलंय, त्यामुळे रिंगचे फोटो आणि चॅट जोडावे लागले. तुम्ही बिलावर ‘आयआर एनडी’ आणि आकडा दोन्ही लिहून घ्या.