जुन्या थिंकपॅडची बॅटरी: अकोल्याचा एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. झिजलेली लॅपटॉपची बॅटरी परत नवीन होत नाही. कुठल्या सॉफ्टवेअरने नाही, फ्रीझरमध्ये ठेवून तर अजिबातच नाही. पण जेवढी उरलीय तेवढी नीट मोजता येते, तिचं मधेच धाडकन बंद पडणं थांबवता येतं आणि पुढची झीज बरीच लांबवता येते. हे सगळं मी गेल्या दिवाळीपासून करतोय, मधे अख्खा उन्हाळा गेला, आणि आमच्याकडे अकोल्यात उन्हाळा म्हणजे मे महिन्यात ४५ अंश काही नवीन नाही, त्यामुळे परीक्षा बऱ्यापैकी कडक झाली असं म्हणायला हरकत नाही.

मशीन आहे लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, २०१८ चं मॉडेल, आठव्या पिढीचा आय५, रिफर्बिश्ड घेतलेला. माझं काम टॅक्सचं, म्हणजे एक्सेल, टॅली, जीएसटीचं पोर्टल, आणि २० तारीख जवळ आली की क्लायंटच्या दुकानात जाऊन बसायचं, तिथे प्लग पॉइंट असेलच असं नाही, आणि असला तरी लाईट असेलच असं नाही. त्यामुळे बॅटरी हा माझ्यासाठी शोभेचा भाग नाही.

या लॅपटॉपची गंमत अशी की त्यात दोन बॅटऱ्या असतात. एक आत, २४ वॉट-अवरची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप), ती स्क्रू खोलल्याशिवाय निघत नाही. दुसरी मागून सरकवून काढता येते, ती २४, ४८ किंवा ७२ वॉट-अवरची मिळते, माझ्याकडे ७२ वाली आहे, खालून जरा फुगीर दिसते, त्यामुळे लॅपटॉप टेबलावर थोडा तिरका बसतो (मला टायपिंगला ते आवडतं, बायकोला नाही). वापरताना आधी बाहेरची उतरते, ती संपत आली की आतली सुरू होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

घेतला तेव्हाचा त्रास असा होता की स्क्रीनवर ३० टक्के दिसतायत, म्हटलं अजून तासभर आरामात, रिटर्न अपलोड करायला घेतला आणि एकदम काळी स्क्रीन. वॉर्निंग नाही, स्लीप नाही, काही नाही. परत चालू केला तर २० टक्के दाखवतो आणि पाच मिनिटांत पुन्हा झोपतो. सेकंडहँड मशीन आहे, वय झालंय, यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही, पण मग ते ३० टक्के नक्की कसले होते?

तर पहिलं काम म्हणजे रिपोर्ट काढणं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) एवढं टाकलं की एक एचटीएमएल फाइल तयार होते, कुठे सेव्ह झाली ते तिथेच लिहून येतं. त्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे कंपनीतून निघताना किती होती आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज किती भरते, हे दोन आकडे बघायचे, बाकी पानभर मजकूर सोडून दिला तरी चालतो. सायकल काउंटही असतो, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण भरून-उतरण्याइतकी वापरली गेली ते. माझी बाहेरची बॅटरी ७२ पैकी ४४ दाखवत होती, चारशेच्या वर सायकल झालेल्या. आतली २४ पैकी १७, आणि सायकल जेमतेम शंभरच्या आत. कागदावर दोन्ही मिळून ६१ वॉट-अवर, म्हणजे इतकं वाईट नाही ना, आणि तरी दुकानात बसलं की अडीच-तीन तासांत खेळ खल्लास. हिशेब कुठेतरी चुकत होता.

चुकत होता तो मोजणाऱ्याचा. बॅटरीच्या आत एक छोटी चिप असते, ती किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याचा जमाखर्च ठेवते आणि त्यावरून टक्के सांगते. बॅटरी महिनोन् महिने पूर्ण भरून पूर्ण उतरलीच नाही तर या जमाखर्चात चूक साठत जाते, स्कूटरचा पेट्रोलचा काटा अडकावा तसं. यावर उपाय म्हणजे गेज रिसेट. लेनोवोच्या व्हँटेज ॲपमध्ये तसा पर्याय आहे, चार्जर लावून ठेवायचा आणि ते स्वतःच बॅटरी पूर्ण भरतं, पूर्ण उतरवतं, परत भरतं. कित्येक तास लागतात, दोन बॅटऱ्या असतील तर एकेक करून, त्यामुळे रविवारी लावून विसरून जा. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये असं काही नाही त्यांनी हाताने तेच करायचं, म्हणजे १०० टक्के भरून थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग आपोआप बंद होईपर्यंत उतरवायचा, मग न थांबता सलग १०० पर्यंत भरायचा.

रिसेटनंतर बाहेरची ४४ ची ४९ झाली. मला वाटलं वा, पाच वॉट-अवर कमावले. पण आतली १७ ची उतरून १४ च्या खाली आली. म्हणजे काहीच कमावलं नव्हतं, दोन्ही आकडे आधी खोटे होते आणि आता खरे झाले. "माझी बॅटरी रिसेट करून सुधारली" असं कुणी सांगितलं तर समजून घ्या की त्याचा काटा उलट्या बाजूला चुकलेला होता, इतकंच.

आणि इथेच मला सगळ्यात मोठी गोष्ट कळली. जी बॅटरी चारशेवेळा भरली-उतरली ती ६८ टक्क्यांवर आहे, आणि जी शंभरवेळाही वापरली नाही ती ५८ वर. कमी वापरलेली जास्त झिजली! कारण आधीच्या मालकाकडे हा लॅपटॉप बहुतेक ऑफिसच्या टेबलावर कायम चार्जरला लावलेला असणार, बाहेरची बॅटरी कधीमधी तरी उतरत होती पण आतली बिचारी वर्षानुवर्षं १०० टक्के भरलेल्या अवस्थेत, गरम मशीनच्या पोटात पडून होती. लिथियम-आयन सेलला (बॅटरी अशा सेलचीच बनलेली असते) मारणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे वरचा व्होल्टेज आणि उष्णता, आणि दोन्ही एकत्र आल्या की बघायलाच नको. साधा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टला असतो, त्या ताणात आतल्या रसायनाचं विघटन होत राहतं, ग्रॅफाइटवर एक थर असतो तो जाड होत जातो आणि वापरायचं लिथियम त्यात अडकून बसतं. ते परत सुटत नाही, म्हणून बॅटरी "रिस्टोअर" होत नाही. सायकलने झीज होतेच, नाही असं नाही, पण आपण सगळे सायकल मोजत बसतो आणि गादीवर ठेवून चार्जिंगला लावलेला लॅपटॉप कुणाला दिसत नाही.

मग बंद पडण्याचं काय? ते वेगळं दुखणं आहे. बॅटरी म्हातारी झाली की तिची क्षमता कमी होते तसा आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. साधं टायपिंग चालू असताना ती निभावून नेते, पण पोर्टलचं जड पान उघडलं, प्रोसेसरने टर्बो मारला (म्हणजे थोड्या वेळासाठी वेग वाढवला), एकदम करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतो आणि मशीनला वाटतं बॅटरी संपली. मी काय केलं, कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट बॅटरीवर असताना १०० ऐवजी ९९ केली. एक टक्क्याने काय होणार असं वाटतं, पण ९९ केलं की टर्बो बंदच होतो. एक्सेलमध्ये फरक जाणवला नाही, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना जाणवेल. तेव्हापासून टक्के शिल्लक असताना मशीन मेलेलं मला आठवत नाही, आणि शिवाय लॅपटॉपच्या तळाला हात लावला तर आधीसारखं चटका बसल्यासारखं होत नाही. ब्राइटनेस थोडा कमी आणि हे एक सेटिंग, एवढ्यावर आता पाच ते सहा तास निघतात. बॅटरी तीच, कमी खायला लावलं म्हणून पुरते.

पुढची झीज लांबवायला चार्जिंगची मर्यादा लावली. थिंकपॅडला ही सोय पूर्वीपासून आहे, व्हँटेजमध्ये दोन आकडे टाकायचे, कितीच्या खाली गेली तर चार्ज सुरू करायचा आणि कितीला थांबवायचा. दोन्ही बॅटऱ्यांना वेगवेगळं लावता येतं. मी आतलीला ४० आणि ६० ठेवलंय कारण ती फक्त आपत्कालीन, बाहेरचीला ७० आणि ८०. लिनक्सवाल्यांना टीएलपी नावाच्या प्रोग्रॅममध्ये हेच करता येतं. आता बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा कुठल्या ना कुठल्या नावाने मिळते, ॲपमध्ये नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बघा. मर्यादा गाठली की लॅपटॉप सरळ ॲडाप्टरवर चालतो आणि बॅटरी नुसती बसून राहते, त्यामुळे "चार्जर काढू का ठेवू" हा प्रश्नच उरत नाही. एक तोटा मात्र आहे, कायम मधल्या पट्ट्यात राहिल्यामुळे काटा पुन्हा चुकायला लागतो, म्हणून चार-सहा महिन्यांनी एकदा गेज रिसेट. दर आठवड्याला करू नका, उगाच सायकल जळतात.

एप्रिल-मेमध्ये अजून एक पथ्य पाळलं. दुपारी कूलरच्या हवेत काम, गादीवर नाही तर लाकडी पाटावर, आणि बाहेर जाताना लॅपटॉप गाडीत ठेवून उतरायचं नाही म्हणजे नाही. उन्हात उभ्या गाडीत काय तापमान होतं ते इकडच्यांना सांगायला नको.

निकाल? उन्हाळा संपल्यावर परत रिसेट करून रिपोर्ट काढला, बाहेरची ४८, आतली साडेतेराच्या आसपास. म्हणजे जवळजवळ तिथल्या तिथे. मेव्हण्याने माझ्याचबरोबर तसाच लॅपटॉप घेतला होता, त्याची बाहेरची साधारण ५० होती, तो पठ्ठ्या कायम १०० टक्क्यांवर, कायम चार्जरला, कायम पलंगावर, त्याची आज ४२ वर आलीय. दोनच मशीन आहेत, प्रयोगशाळा नाही ही, पण मला पुरेसं आहे.

त्याच मेव्हण्याने मग सेल बदलून घ्यायचं मनावर घेतलं. तेही सांगतो कारण बरेच लोक विचारतात. एका दुकानात पॅक खोलून दिला, मी सोबत होतो. प्लॅस्टिकची शिवण पात्याने उघडली, आत सहा १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, दोन-दोनच्या जोड्या निकेलच्या पट्टीने एकमेकींना जोडलेल्या, पट्टीवर वेल्डिंगचे बारीक दोन-दोन ठिपके. जुने सेल काढले, नवीन लावले, स्पॉट वेल्डिंग पण नीट केलं, आणि लॅपटॉपला लावलं तर बॅटरी ओळखायलाच तयार नाही. बऱ्याच पॅकमधली चिप सेल तोडले की स्वतःला कायमचं लॉक करून घेते, सेफ्टीसाठीच केलेलं असतं ते. दुकानदार म्हणाला "सर, बोर्ड गेला". वर ते नवीन सेल मी हातात घेऊन बघितले, वेष्टनावर ९९०० एमएएच (सेलच्या क्षमतेचं माप) छापलेलं! या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतं, आणि चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, हे तर हाताला पोकळच लागत होते. तेव्हा लॅपटॉपच्या पॅकमध्ये सेल बदलण्याच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. ज्यांना चिप अनलॉक करता येते असे कारागीर असतीलही, पण लिथियमचा पॅक घरात रात्रभर चार्जिंगला लावायचा असतो हे विसरू नका.

फ्रीझरवाल्यांसाठी दोन ओळी. थंडीत झीज मंदावते हे खरं, पण झालेली झीज भरून येत नाही, बाहेर काढल्यावर दव धरतं ते वेगळंच, आणि शून्याखाली असताना चार्ज केली तर आत लिथियमचा धातू जमून कायमचं नुकसान होतं. "पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नको" हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे, लिथियमला उलट अर्धवट भरणं-उतरणंच मानवतं.

आणि बॅटरी फुगली असेल तर वरचं काहीही करू नका. आतली फुगली की ट्रॅकपॅड वर येतो, क्लिक कडक होतं, झाकण नीट बसत नाही. तेव्हा चार्जर काढायचा, मशीन बंद करायचं आणि बॅटरी बदलायची. टोचून हवा काढायचा विचारसुद्धा नको. जुनी बॅटरी कचऱ्याच्या घंटागाडीत टाकू नका, टर्मिनलवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घ्यायची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

माझी आतली बॅटरी अजून एखादं वर्ष काढेल असं वाटतंय, मग नवीन टाकेन. खोलण्याआधी बायोसमध्ये जाऊन बिल्ट-इन बॅटरी डिसेबल करायची असते, तो पर्याय पॉवरच्या पानावर आहे. घेताना तयार झाल्याची तारीख बघून घेणार, दोन-तीन वर्षं दुकानात उकाड्यात पडून राहिलेला "नवीन" माल मला नकोय. तोवर कुठे लांब जायचं असलं की आदल्या रात्री मर्यादा काढून १०० भरून घेतो आणि घरी आलो की परत ८० ला लावतो.