बॅटरी बदलू, अल्टरनेटर रिपेअर करू की नवाच टाकू?

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला की बरेच जण थेट नवी बॅटरी टाकतात, आणि मग थोड्याच दिवसांत तीपण डाउन. चित्र बॅटरीचं असलं तरी गाडी चालू असताना तो दिवा चार्जिंगबद्दल सांगत असतो, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी भरणारा), त्याला फिरवणारा बेल्ट, वायरिंग यातलं काहीतरी. त्यामुळे कशावर खर्च करायचा हे ठरवायच्या आधी मीटर लावा एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे, साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी सेल्फ मारायच्या आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर डीसी व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवर लक्ष ठेवा. बॅटरी १२.६ दाखवत होती पण सेल्फच्या वेळी आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बहुतेक बॅटरीच थकलीये (कधीकधी स्टार्टर जाम असला आणि जास्त करंट ओढत असला तरी असं होतं). आता इंजिन चालू ठेवून बघा, १३.८ ते १४.७ मध्ये पाहिजे, आणि हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून रेस थोडी वाढवली तरी १३.५ च्या खाली जायला नको. आकडा १२ च्या घरातच राहिला आणि हळूहळू उतरतोय तर चार्जिंग होतच नाहीये. सतत १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा रेग्युलेटर म्हणजे आपला कटआउट गेलाय, आणि हे कमी चार्जिंगपेक्षा वाईट कारण बॅटरी आतून उकळते, बल्ब उडतात, इलेक्ट्रॉनिक्सलापण धोका असतो, अशी गाडी चालवत राहू नका.

नव्या गाड्यांत एक गोष्ट फसवते. तिथे अल्टरनेटर कम्प्युटरच्या ताब्यात असतो, बॅटरी भरलेली असली की तो मुद्दाम व्होल्टेज १२.५-१३ पर्यंत खाली आणतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की १५ च्या जवळ नेतो, डिझेल-पेट्रोल वाचवायला. तो आकडा बघून चांगल्या अल्टरनेटरला खराब ठरवू नका, लोड लावून परत बघा आणि शक्य असेल तर स्कॅनर लावून घ्या. इलेक्ट्रिक गाड्यांत आणि फुल हायब्रिडमध्ये तर अल्टरनेटर नसतोच, तिथे डीसी-डीसी कन्व्हर्टर १२ व्होल्टची बॅटरी भरतो, तो वेगळा विषय.

तर बॅटरी की अल्टरनेटर? सकाळी सेल्फ जड जातो पण एकदा गाडी चालू झाली की दिवसभर त्रास नाही आणि चालू गाडीला १४.२ वगैरे मिळतंय, तर बॅटरी बघा, किंवा रात्री कुठेतरी करंट गळतोय ते बघा. गाडी लॉक करून गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक युनिट झोपली (आपोआप बंद झाली) की गळती साधारण ५० मिलीअ‍ॅम्पिअरच्या आत असावी. त्याउलट जंपर लावून गाडी सुरू होते पण थोड्या वेळात बंद पडते, रेस केली की लाइट उजळतात आणि सोडली की मंद होतात, तर संशय अल्टरनेटरकडे. अल्टरनेटरचा एखादा डायोड (आतल्या एसीचं डीसी करणारा भाग) शॉर्ट असला तर दोन्ही लक्षणं एकत्र येतात, दिवसा चार्जिंग कमी आणि रात्री तोच बॅटरी पितो. मीटर एसीवर टाकून चालू गाडीच्या बॅटरीवर बघा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोड प्लेटवर संशय घ्या. सगळेच मीटर हे नीट दाखवत नाहीत, म्हणून बेंचवर (अल्टरनेटर उतरवून टेस्ट मशीनवर) खात्री करून घेतलेली बरी.

अल्टरनेटर खोलायच्या आधी अजून एक टेस्ट करा, ही सगळ्यात जास्त टाळली जाते. लोड लावून, गाडी चालू असताना, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवून अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि मग बॅटरीच्या प्लसवर वेगवेगळं व्होल्टेज मोजा. तिकडे १४.४ आणि इकडे १३.५ असेल तर अल्टरनेटर त्याचं काम करतोय, माल वाटेत अडकतोय, वायर गंजलीये नाहीतर टर्मिनल ढिलं आहे. अर्थिंगचंही तसंच, अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. जाड वायरवरचा मोठा फ्यूज उडालेला असू शकतो, बेल्ट घसरत असू शकतो (थंड गाडीत लोड लावला की किंचाळतो तो), बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर ढिला असू शकतो. हे सगळं अल्टरनेटरच्या मानाने किरकोळ काम आहे. आणि कोणी टेस्ट म्हणून चालू गाडीची बॅटरी काढायला लागला तर त्याला थांबवा, त्या झटक्यात व्होल्टेज खूप वर उसळतं आणि ईसीएम म्हणजे इंजिनचा कम्प्युटर जाऊ शकतो.

आता अल्टरनेटरच गेलाय हे नक्की झालं तर.

स्वतःचाच रिपेअर करून घेणं हा माझा पहिला पर्याय, अर्थात रोटर (आतला फिरणारा भाग) आणि स्टेटर (बाहेरचा स्थिर भाग) यांचं वाइंडिंग शाबूत असेल तर. अल्टरनेटरमध्ये झिजणारी वस्तू म्हणजे कार्बन (फिरत्या रोटरच्या रिंगवर घासून करंट देणारे ब्रश) आणि बेअरिंग, त्यानंतर कटआउट आणि डायोड प्लेट जातात, आणि हे सगळं बदलता येतं. कित्येक अल्टरनेटरमध्ये कार्बन आणि कटआउट एकाच युनिटमध्ये येतात, काही गाड्यांत तर अल्टरनेटर न उतरवता ते बदलतं. कारीगराला रोटरच्या दोन स्लिप रिंगमध्ये रेझिस्टन्स मोजून दाखवायला सांगा, काही ओहम यायला हवा, आणि रिंग ते शाफ्ट काहीच कंटिन्युइटी नको. रिंगवर खोल खाच पडली असेल तर नुसते नवे कार्बन टाकून ते लवकर झिजणार. आणि खोललाच आहे तर दोन्ही बेअरिंग बदला, एकच बदलून परत खोलण्यात काही अर्थ नाही. तोटा एवढाच की गाडी उभी राहते आणि सगळं कारीगराच्या हातावर असतं.

रिकंडिशन केलेला घेतला तर जुना देऊन लगेच दुसरा मिळतो, बहुतेक वेळा वॉरंटीही असते, गाडीवर धंदा असेल तर हे सोयीचं. पण त्याचा आधीचा इतिहास आपल्याला माहीत नसतो, कोणी सगळं नवं टाकतं, कोणी फक्त बिघडलेला भाग बदलून रंग मारतं. म्हणून बेअरिंग, कार्बन, कटआउट नवे आहेत का आणि लोडवर किती अ‍ॅम्पिअर देतो हे बेंचवर बघूनच घ्या. स्क्रॅपमधला तर मी फक्त खूप जुन्या गाडीला सुचवेन, तोही टेस्ट करूनच.

नवा कधी? वाइंडिंग जळलं असेल (जळका वास आणि काळी पडलेली कॉइल लगेच कळते), आत इंजिन ऑइल शिरलं असेल, किंवा गाडी स्टार्ट-स्टॉपवाली, कम्प्युटर कंट्रोलवाली असेल, तर मी नव्याकडेच जाईन आणि तोही कंपनीला पुरवणाऱ्या मेकचा. निनावी स्वस्त नव्यापेक्षा स्वतःचा नीट रिपेअर केलेला मला कधीही बरा वाटतो. घेताना अ‍ॅम्पिअर, प्लग, कंट्रोलचा प्रकार आणि पुली जुळवा, जुन्याला क्लच पुली (एकाच दिशेला पकड घेणारी) असेल तर नव्यालाही तीच हवी. अ‍ॅम्पिअर थोडे जास्त चालतील, कमी नकोत.

कुठलाही बसवा, आधी मायनस टर्मिनल काढा, जाड वायरवर सतत करंट असतो, पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतील. आणि बॅटरी डाउन असेल तर ती चार्जरवर भरून मगच गाडी चालू करा, कारण पार रिकाम्या बॅटरीला भरताना अल्टरनेटर बराच वेळ फुल लोडवर तापतो, आणि नुकताच बसवलेला माल त्यातच जाऊ शकतो.