गोल प्लॅनर: पहिलं पान कच्चं, रविवारचं पान पक्कं

डिसेंबर आला की स्टेशनरीच्या दुकानांत आणि ऑनलाइन बिनतारखांच्या गोल प्लॅनरचे, म्हणजे ध्येयं (goals) लिहून ठेवायच्या वह्यांचे, ढीग लागतात. ए५ आकार, पुठ्ठ्याचं जाड कव्हर, रबरी पट्टा, ९० दिवसांची पानं, किंमत साधारण ४०० ते ८०० रुपये. नावं वेगळी असली तरी आतला आराखडा बहुतेकांचा सारखाच. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या सबंध प्रकाराचं आहे.

सगळ्यात कच्चं पान नेमकं पहिलं. ‘माझं स्वप्न’ अशी मोठी चौकट आणि शेजारी चित्रं चिकटवायला जागा. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या १९९१ सालच्या अभ्यासात, बारीक झाल्याची गोड चित्रं मनात रंगवणाऱ्या महिलांचं वजन इतरांपेक्षा कमीच उतरलं होतं. ओटिंगेन यांच्या ‘वूप’ पद्धतीत इच्छा, फळ, अडथळा आणि योजना असे चार टप्पे आहेत. प्लॅनरवाले पहिले दोन छापतात आणि अडथळ्याला एक ओळही ठेवत नाहीत.

हे पान वापरायचंच तर पट्टीने तीन रकाने पाडा: काय, केव्हा-कुठे, अडलं तर. ‘वजन कमी करणे’ ही झाली इच्छा. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ६ वाजता चहाचा कप ठेवला की बूट घालून ३० मिनिटं चालायचं, पाऊस असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये’ असं लिहिलं की त्यावर अंमल करता येतो. या जर-तर वाक्यांवरच्या ९४ चाचण्यांचा मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये एकत्र आढावा घेतला. ध्येय गाठण्यावर त्यांचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. अडथळा मात्र खरा लिहावा. ‘आळस’ लिहून काही हाती लागत नाही. ‘रात्री १२ पर्यंत मोबाइल’ लिहिलं, तर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा हा उपाय लगेच सुचतो.

पुढे ‘स्मार्ट’चं पान: ध्येय कसं असावं हे सांगणारी पाच इंग्रजी आद्याक्षरं. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये हा शब्द व्यवस्थापकांसाठी बांधला, तेव्हा त्यातल्या ‘ए’चा अर्थ ‘जमण्याजोगं’ नव्हता. काम कोणाच्या अंगावर सोपवायचं, असा होता. प्लॅनरमध्ये बहुधा ‘जमण्याजोगं’च छापलेलं असतं आणि ते वाचून माणूस ध्येय सोपं करून टाकतो. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांचं संशोधन उलट सांगतं: नेमकं आणि अवघड ध्येय ‘होईल तेवढं करू’पेक्षा जास्त काम काढून घेतं, फक्त ते मनापासून स्वीकारलेलं हवं. निकाल आपल्या हातात नसेल तर कृती लिहावी. ‘राज्यसेवा पास होणे’ऐवजी ‘रात्री ९ ते १०.३० राज्यव्यवस्थेची २० पानं’. बचतीचंही तसंच: ‘३१ मार्चपर्यंत ६०,००० रुपये’ याखाली ‘दर महिन्याच्या २ तारखेला ५,००० रुपयांची आरडी, १२ हप्ते’ ही ओळ नसेल तर वरचा आकडा नुसता शोभेचा.

‘२१ दिवसांत सवय’ असं छापलेला तक्ता सरळ खोडून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. पण तक्त्यात एक घर रिकामं राहिलं की माणसं अख्खं पानच सोडून देतात. चुकलेल्या दिवशी घरात कारणाचं एक अक्षर लिहावं: पा म्हणजे पाहुणे, उ म्हणजे उशिरा झोप. चार आठवड्यांत कोणतं अक्षर सारखं येतं ते दिसतं आणि ‘अडलं तर’चा रकाना दुरुस्त करता येतो. दहा ध्येयांच्या दहा चौकटींपैकी दोन भराव्यात, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी.

पैसे वसूल होतात ते आठवड्याच्या आढाव्यात. काय झालं, काय राहिलं, पुढच्या आठवड्यात काय बदलायचं, एवढे तीनच प्रश्न. रविवारी १५ मिनिटं पुरतात. मात्र ‘वेळ मिळाला नाही’ हे उत्तर बाद धरावं. त्या वेळात प्रत्यक्षात काय चाललं होतं ते लिहावं.

विकत घेताना शिवलेली बांधणी बघा. नुसत्या गोंदाची वही सपाट उघडी राहत नाही आणि जोर दिला की पानं सुटतात. शाईचं पेन वापरत असाल तर १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) कागद बरा, ७० जीएसएमच्या कागदावर शाई मागे उमटते. आणि दुकानात उभ्या उभ्या आढाव्याची पानं मोजा: ९० दिवसांच्या प्लॅनरमध्ये १२ तरी हवीत. महिन्याला एकच असेल तर २०० पानी साधी वही घ्या आणि दर आठव्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा.