काकांची रायफल विकायला काढली आणि ९०० डॉलरला बसलो

आधीच सांगतो, रायफल गेली नाही. पैसे गेले. आणि कायदा मी कुठेही मोडला नव्हता, उलट कायद्याला इतका घाबरून होतो की सगळं लक्ष तिकडेच, आणि चोर आला दुसऱ्याच दाराने. अमेरिकेत राहणाऱ्या कोणाकडे अशी वारशाने आलेली बंदूक असेल आणि ऑनलाइन विकायचा विचार असेल तर हे वाचा, मोठं झालंय पण वाचा.

माझे काका १९७१ ला पिट्सबर्गला आले, स्टीलमधे इंजिनियर. प्लँटमधल्या मित्रांनी त्यांना हरणाच्या शिकारीची चटक लावली. पेनसिल्वेनियात तेव्हा थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी रायफलचा सीझन सुरू व्हायचा, कित्येक शाळांना त्या दिवशी सुट्टी, आणि आमचे काका नारिंगी जॅकेट घालून पहाटे चारला घराबाहेर. काकू पक्की शाकाहारी, ती म्हणायची काय मारायचं ते मारा पण माझ्या फ्रीजमधे ठेवायचं नाही, मग सगळं मांस शेजारीपाजारी वाटलं जायचं. काका गेले तेव्हा मृत्युपत्रात दोन बंदुका माझ्या नावावर निघाल्या, एक विंचेस्टर मॉडेल ७० रायफल आणि एक जुनी शॉटगन. काकूचा फोन, अरे बाबा ये आणि ह्या घेऊन जा, मला एकटीला घरात झोप येत नाही.

मी राहतो नॉर्थ कॅरोलिनात. पहिला प्रश्न हाच की दुसऱ्या राज्यातून बंदूक आणू शकतो का. तर एरवी दोन वेगळ्या राज्यांतल्या साध्या माणसांमधे बंदुकीचा व्यवहार लायसनवाल्या डीलरमार्फतच व्हावा लागतो, ज्याला इथे सगळे एफएफएल म्हणतात, पण वारसाहक्काने मिळालेल्याला फेडरल कायद्यात सूट आहे. (राज्याराज्याचे नियम वेगळे, ते आपापले बघा. आणि जे व्हिसावर आहेत, एच वन वगैरे, त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय हातसुद्धा लावू नका, काही अपवाद सोडले तर त्यांना बंदूक बाळगायलाच बंदी आहे. मी सिटिझन आहे म्हणून हे सगळं करू शकलो.) गोळ्या काढून, कुलूपबंद केसमधे, केस डिकीत, असं करत वेस्ट व्हर्जिनिया व्हर्जिनिया पार करून घरी आणल्या, रस्ताभर स्पीड लिमिटच्या दोन मैल खालीच.

मला शिकार करायची नाही, घरात लहान पोरं, म्हणून विकायचं ठरलं. त्याचंही वाचून काढलं. वारशाने आलेल्या एकदोन बंदुका विकायला लायसन लागत नाही, धंदा म्हणून विकत घेऊन विकत बसलात तर लागतं. गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असेल तर बंदूक जाते त्याच्या राज्यातल्या डीलरकडे, तिथे तो एटीएफचा (बंदुकांचे कायदे बघणारं फेडरल खातं) फॉर्म ४४७३ भरतो, बॅकग्राउंड चेक होतो, मग त्याच्या हातात. म्हणजे पोचवण्याची बाजू एकदम पक्की. मला वाटलं एवढी पक्की व्यवस्था असताना इथे भामटे कशाला येतील. इथेच चुकलो.

मॉडेल ७० बद्दल थोडं सांगतो कारण फसवणुकीशी संबंध आहे. ही रायफल १९३६ पासून निघाली आणि १९६४ ला कंपनीने बनवायची पद्धत स्वस्त केली, त्यामुळे त्याआधीच्या रायफलींना जमवणारे लोक प्री सिक्स्टीफोर म्हणतात आणि चांगला भाव देतात. काकांची १९५० च्या दशकातली होती, प्लँटमधल्या एका सहकाऱ्याकडून घेतलेली. काकूने दिलेल्या गोधडीवर ठेवून झकास फोटो काढले, सिरियल नंबरसकट सगळे, आणि जाहिरात टाकली १४५० डॉलरची.

पहिल्या दिवशी दोन माणसांचे प्रश्न आले. रिसीव्हरवर दुर्बिणीसाठी कोणी जास्तीची भोकं पाडलीत का, मागची बट प्लेट ओरिजिनल आहे का रबरी पॅड लावायला लाकूड कापलंय, परत ब्लूइंग केलंय का, बॅरलचा आतून फोटो टाका. मला निम्मं कळतच नव्हतं, वैताग आला. तिसऱ्याने विचारलं, अजून आहे का, कंडिशन कशी आहे, मी पूर्ण किंमत देतो, जाहिरात काढून टाका प्लीज. मला तो देवमाणूस वाटला. आता कळतं की खरं घेणारा तुमचं डोकं खातो. चौदाशे डॉलर टाकणारा माणूस एक प्रश्न विचारत नाही म्हणजे त्याचे चौदाशे डॉलर जाणारच नाहीयेत.

म्हणाला कॅशियर्स चेक पाठवतो. बँकेने स्वतः काढलेला चेक, म्हटलं यापेक्षा भारी काय. चेक आला २३५० चा. लगेच मेसेज, सॉरी, माझ्या ऑफिसातल्या बाईने डीलरला द्यायचे पैसे पण त्यातच घातले, मी त्याच्याकडून अजून एक बंदूक घेतोय, तुम्ही ९०० त्याला फोनवरून ट्रान्सफर करा, बाकी तुमचे. मी म्हटलं आधी चेक जमा होऊ दे. म्हणजे बघा, मी काही अगदीच बावळट नव्हतो! सोमवारी बँकेत जाऊन भरला, मंगळवारी खात्यात २३५० दिसायला लागले, बुधवारी मी ९०० पाठवले.

आता हे नीट समजून घ्या कारण मला पंधरा वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. कॅशियर्स चेक काउंटरवर भरला की बँकेला नियमाप्रमाणे साधारणपणे लगेच पुढच्या कामाच्या दिवशी पैसे वापरायला द्यावे लागतात. पण चेक वटला असा त्याचा अर्थ नाही. तो खोटा आहे हे कळायला आठवडा, कधीकधी त्याहून जास्त लागतो, आणि तेव्हा बँक पूर्ण रक्कम तुमच्या खात्यातून परत काढून घेते, तुम्ही त्यातले कोणाला दिले त्याच्याशी तिचा संबंध नाही. भामट्याचा सगळा खेळ ह्या मधल्या दिवसांवर चालतो.

मग त्याने डीलरच्या लायसनची कॉपी पाठवली. मी शहाणा, एटीएफच्या साइटवर एफएफएल ईझी चेक असतं तिथे लायसन नंबरचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकले, दुकानाचं नाव आलं, लायसन चालू, खूश झालो. खालचा पत्ता वाचलाच नाही.

शुक्रवारी रायफल घेऊन आमच्या गावातल्या डीलरकडे गेलो, कारण मोठ्या खासगी कुरिअर कंपन्या आता लायसन नसलेल्या माणसाकडून बंदूक घेतच नाहीत. काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ, चष्मा कपाळावर. त्यांनी कॉपी घेतली, कॉम्प्युटरवर बघितलं, परत कॉपी बघितली आणि चष्मा खाली घेतला. गाव तेच, रस्ता वेगळा. कॉपीवर पत्त्याची ओळ बदललेली होती आणि फोन नंबरही. त्यांनी खऱ्या दुकानाचा नंबर स्वतः शोधून फोन लावला, तिकडचा माणूस म्हणाला असा कोणी गिऱ्हाईक आमच्याकडे नाही, आणि आमच्या लायसनची कॉपी घेऊन असले फोन येणं आता नवीन राहिलं नाही. माझे पाय गार. म्हाताऱ्याने शांतपणे केस बंद केली आणि माझ्याकडे सरकवली, विचारलं, पैसे कसे घेतलेस बाळा?

तिथून सरळ बँक. खात्यात अजून पैसे दिसतायत, काउंटरवरची मुलगी म्हणते सर चेक तर ओके दिसतोय. ९०० परत आणा म्हटलं तर तुम्ही स्वतः पाठवलेत, तुमच्या हाताने, काही करता येणार नाही. पुढच्या आठवड्यात चेक परत आला, २३५० गेले, वर १२ डॉलर दंड. खात्याचा बॅलन्स उणे झाला आणि त्याच दिवशी पोरांच्या डेकेअरचे पैसे कापले जाणार होते, बायकोला सांगायची वेळ तशी आली. ती दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली कायद्याचं एवढं वाचत होतास रात्र रात्र, चेकचं पण वाचायचं होतंस.

तक्रार केली, एफबीआयच्या आयसी थ्री वर (ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींची साइट), एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीचं बघणारं सरकारी खातं), आणि चेक पोस्टाने आला होता म्हणून पोस्टल इन्स्पेक्शन सर्विसकडे. गावातल्या पोलिसांनी रिपोर्ट लिहून घेतला. पैसे मिळतील अशी आशा कोणीच दाखवली नाही, पण कागद असू द्या, बँकेशी बोलताना लागतो.

रायफल दोन महिन्यांनी गेली, त्याच डोकं खाणाऱ्या पहिल्या माणसाला. चौदा फोटो मागितले त्याने. पैसे पोस्टाच्या मनी ऑर्डरने घेतले, एक जास्तीत जास्त १००० डॉलरची निघते म्हणून दोन, उजेडात धरून बेंजामिन फ्रँकलिनचा वॉटरमार्क बघितला आणि पोस्टात जाऊन हातात रोख घेतल्यावरच म्हाताऱ्याला म्हटलं आता पाठवा. पाठवायच्या आधी डीलरच्या पत्त्याची ओळ आम्ही दोघांनी मोठ्याने वाचली.

आणि हे लिहायला बसलो त्याचं कारण वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात शॉटगनचा भाव बघायला म्हणून जाहिराती चाळत होतो, तर एक मॉडेल ७० दिसली, ८०० डॉलर, अर्जंट सेल, विकणारा दुसऱ्याच राज्यातला. रायफलपेक्षा आधी मला तिच्या खालची गोधडी ओळखू आली. कोपऱ्यात काकूच्या जुन्या हिरव्या साडीचा तुकडा. सिरियल नंबरही तोच, मीच फोटोत अख्खा दाखवला होता ना. साइटवाल्यांना कळवलं, त्यांनी दोन दिवसांनी काढली. काल परत दिसली, नाव वेगळं, किंमत ७५०.