गच्चीवरच्या ठिबकातून खत: व्हेंचुरी, खतटाकी की साधा ड्रम?

कुंड्यांना ठिबक बसवून झालं की पुढचा प्रश्न खताचा. दुकानात विचारलंत तर बहुधा व्हेंचुरीच, म्हणजे वाहत्या पाण्याच्या जोरावर खत ओढून घेणारा नळीतला जोड, समोर येते. ती घेण्याआधी एकच गोष्ट मोजा: तुमचं पाणी किती उंचीवरून येतं? दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. बाग गच्चीवर आणि टाकीही गच्चीवरच असेल, तर मधे जेमतेम दोन मीटर, म्हणजे 0.2 किलो.

व्हेंचुरी अरुंद गळ्यातून पाणी वेगाने नेते आणि त्या ओढीने खत आत घेते. त्यात आलेल्या दाबाचा तिसरा हिस्सा तरी सहज खर्च होतो. 0.2 किलोत ती ओढणार काय! शिवाय तिला भरपूर वाहतं पाणी लागतं. चाळीस कुंड्यांना तासाला 2 लिटरचा एकेक ड्रिपर धरला तरी होतात 80 लिटर. पाऊण इंची व्हेंचुरीची भूक याच्या कितीतरी पट असते. बंगल्याभोवती बाग असेल, बोअरची मोटर किंवा प्रेशर पंप असेल, तर मात्र जरूर घ्या. स्वस्त असते, वीज खात नाही आणि बिघडायला आत हलणारा भागच नाही.

खतटाकी म्हणजे खत भरलेली बंद टाकी, जिच्यातून थोडं पाणी फिरून परत नळीत येतं. ती कमी दाबफरकावर चालते, पण तिच्यातलं खत सुरुवातीला कडक आणि मग पातळ होत जातं. टाकीच्या चौपट पाणी आतून गेलं की खत जवळपास संपलेलं असतं. मोठ्या बागेत सगळ्या रांगा एकदम चालतात, तिथे हे चालून जातं. रांगा आलटून-पालटून सोडत असाल तर पहिली रांग तुपाशी, शेवटची उपाशी.

गच्चीसाठी माझं मत ड्रमला. 50 लिटरचा ड्रम, बुडाशी तोटी, पुढे फिल्टर आणि मग ठिबकाची नळी. त्यात 50 ग्रॅम 19:19:19 (नत्र, फॉस्फरस, पोटॅश समान असलेलं खत) विरघळवलं की लिटरला एक ग्रॅम पडतं आणि चाळीस कुंड्यांना सव्वा-सव्वा लिटर मिळतं. मात्र घाई चालत नाही. दीड मीटर उंचीवरच्या ड्रममधून 2 लिटरवाला ड्रिपर तासाला पाऊण लिटरच्या आसपासच देतो, म्हणजे दीड तासाहून जास्त वेळ धरा. पीसी ड्रिपर, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे, इथे नकोत. त्यांना अर्धा किलो तरी दाब लागतो. नळी गच्चीच्या उतारावर असेल तर खालच्या कुंड्यांना जास्त मिळेल, हेही लक्षात ठेवा.

घरच्या पाण्याच्या टाकीत खत कालवायचा विचार मनातही आणू नका. व्हेंचुरी किंवा खतटाकी लावली तर तिच्याआधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर मोटर बंद पडल्यावर खताचं पाणी उलटं जाऊ शकतं.

कोणताही मार्ग घ्या, खत पूर्ण विद्राव्यच हवं. सुपर फॉस्फेट, डीएपी ठिबकात नको. कॅल्शियम नायट्रेट आणि 00:52:34 (फॉस्फरस-पोटॅशचं खत) मी एकदा एकाच बादलीत टाकलं होतं. पाणी ताकासारखं पांढरं झालं, तरी सोडलंच, आणि पुढचा रविवार ड्रिपर उघडून धुण्यात गेला. कॅल्शियमला फॉस्फरस किंवा सल्फेट असलेल्या खताबरोबर बसवायचं नाही, वेगळ्या दिवशी द्यायचं. जीवामृत दुहेरी फडक्यातून गाळलं तरी नळीत शेवाळ आणि चिकटा धरतो. ते मी मगानेच घालतो. खत संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं साधं पाणी सोडा, आणि महिन्यातून एकदा नळीची टोकं उघडून धुवा.

खर्च ठरवताना पावसाळाही हिशेबात धरा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे गच्चीवरचं ठिबक बहुतेक दिवस बंदच राहतं आणि कुंड्यांतून पाणी वाहून जाताना खतही धुपतं. त्या चार महिन्यांत उघडीप बघून मगानेच खत घालावं लागतं, मग ठिबकाला ड्रम जोडलेला असो की व्हेंचुरी.